‘साहेबने पैसे दिले’ : कोणी, कोणाला?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सोसायटीची सभा, कंपनीतली अंतर्गत चौकशी, पीएचडीच्या मुलाखती, वार्ताहराने मोबाइलवर घेतलेला बाइट, सगळेच आता रेकॉर्ड होते आणि मग ‘जरा ऐकून टाइप करून द्या’ म्हणून कोणाच्या तरी हाती येते. ठाणे आणि नवी मुंबईत हे ट्रान्सक्रिप्शनचे काम करणाऱ्यांकडे येणाऱ्या मराठी फायलींत बोलणाऱ्याची मातृभाषा मराठीच असेल असा भरवसा नसतो. वाशीच्या बाजारातला कच्छी व्यापारी, नेरुळच्या रुग्णालयातल्या मल्याळी सिस्टर, घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलातला बिहारचा सुरक्षारक्षक, सगळे मराठी बोलतात. लिंग, वचन, विभक्ती अधूनमधून घसरते, एवढेच. टाइप करणाऱ्याने ही घसरण तशीच ठेवायची की सावरून घ्यायची, याबाबत सगळीकडे मनमानी चालते. वर्तमानपत्रेही त्याला अपवाद नाहीत, म्हणून हे पत्र.

मराठीत कोणी केले, कोणाला केले, किती जणांनी केले, हे बरेचसे प्रत्ययांत आणि क्रियापदाच्या शेवटच्या स्वरात बसलेले असते. ‘साहेबने पैसे दिले’ हे वाक्य घ्या. मराठीत ‘ने’ कर्त्याला लागतो, त्यामुळे आपला कान ‘साहेबांनी पैसे दिले’ असेच ऐकतो आणि बोटेही तसेच टाइप करून मोकळी होतात. पण बोलणाऱ्याची मातृभाषा गुजराती असेल तर थांबायला हवे. गुजरातीत ‘ने’ हा आपल्या ‘ला’चे काम करतो; ‘साहेबने’ म्हणजे साहेबाला. घाईघाईत बोलताना घरचा प्रत्यय मराठीत शिरला असेल, तर पैसे साहेबांनी दिलेले नाहीत, साहेबांना दिलेले आहेत. चौकशीच्या फाइलमध्ये हा फरक एखाद्याच्या नोकरीचा असतो. तोच माणूस इतर ठिकाणी ‘ने’ मराठी पद्धतीने नीट वापरत असेल, हेही शक्य आहे. म्हणून आधीची आणि नंतरची पाच-सहा वाक्ये ऐकून त्याची सवय पाहायची. तरीही उलगडा झाला नाही, तर वाक्य जसेच्या तसे ठेवायचे, शेजारी चौकोनी कंसात मिनिट-सेकंद टाकायचे आणि काम देणाऱ्याला विचारायचे. असे वाक्य ‘सुधारून’ देण्याचा अधिकार टाइप करणाऱ्याला नाही.

व्याकरण कधी सावरायचे, हे प्रत कशासाठी हवी आहे त्यावर ठरते आणि ते काम सुरू होण्यापूर्वी लेखी ठरले पाहिजे. चौकशी, जबाब, भाषेचा अभ्यास यांसाठी शब्दशः प्रत लागते. तिच्यात ‘अं’, अडखळणे, अर्धवट सोडलेली वाक्ये, चुकलेले लिंग, सगळे राहते. पुस्तकासाठी, अहवालासाठी किंवा संस्थेच्या स्मरणिकेसाठी घेतलेल्या मुलाखतीची स्वच्छ प्रत करतात. तिच्यात ‘अं’ जातात, पुनरुक्ती जाते, अर्थाला धक्का न लावणारे व्याकरण सावरले जाते. सोसायटीचे इतिवृत्त हा तिसराच प्रकार. तिथे ठराव, सूचक, अनुमोदक आणि मतांची संख्या हवी असते. कोणाची विभक्ती चुकली याच्याशी कोणाला देणेघेणे नसते. मेडिकल ट्रान्सक्रिप्शनवाल्यांची यातली शिस्त घेण्यासारखी आहे. डॉक्टरांच्या डिक्टेशनमधले व्याकरण ते सरसकट सुधारतात, कारण तयार करायचा असतो तो रिपोर्ट. मात्र औषधाचे नाव किंवा मात्रा नीट ऐकू आली नाही तर अंदाज न करता जागा रिकामी सोडून, फ्लॅग लावून परत पाठवतात.

स्वच्छ प्रतीतही हात कुठे आखडायचा, हे एका तुकड्यावरून कळेल. सुरक्षारक्षक सांगतो आहे : ‘मी गेटवर होता. तो गाडी आला. मी साहेबला बोलला, पण ते आला नाही.’ पहिले वाक्य ‘मी गेटवर होतो’ असे करायला कोणाची हरकत नसावी. तिसऱ्यात ‘साहेबांना सांगितलं, पण ते आले नाहीत’ हेही चालेल, कारण ‘ते’ म्हणजे कोण हे त्याच वाक्यात आहे. अडचण मधल्या वाक्याची. ‘ती गाडी आली’ असे लिहिले तर रक्षकाने गाडी पाहिली. ‘तो गाडीतून आला’ असे लिहिले तर त्याने माणूस पाहिला. कोणी म्हणेल, हिंदीतही गाडी स्त्रीलिंगीच आहे, मग ‘तो’ म्हणजे माणूसच. पण बिहारच्या सगळ्या माणसांची घरची भाषा हिंदी नसते. मैथिलीत निर्जीव वस्तूंचे लिंग क्रियापदात उमटतच नाही, आणि त्या बाजूच्या हिंदीतही ‘गाडी आया’ हे रोजचे बोलणे आहे. म्हणजे दोन्ही अर्थ उभे राहतात आणि वाक्य आहे तसेच ठेवावे लागते. पहिले आणि तिसरे वाक्य सुधारून मधले तसेच ठेवले की परिच्छेद विजोड दिसतो, हे खरे. दिसू द्यावा. चौकशीचा कागद असेल तर तिन्ही वाक्ये शब्दशःच राहिली पाहिजेत, हे वेगळे सांगायला नको.

यासाठी काम घेताना फाइलची लांबी, तारीख, बोलणारी माणसे किती, या माहितीसोबत प्रत्येकाची मातृभाषा विचारून लिहून घ्यावी. हा रकाना फारच थोड्या ठिकाणी दिसतो आणि उपयोग मात्र सगळ्यात जास्त त्याचाच होतो. चुका वाटेल तशा होत नाहीत. घरच्या भाषेत जो भेद नसतो तिथेच बहुधा पाय घसरतो, आणि जो भेद असतो तिथे माणूस सहसा चुकत नाही. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून ‘घर मोठा आहे’, ‘पाणी आला’. इथे अर्थाला काही होत नाही, स्वच्छ प्रतीत बिनधास्त सावरावे. मल्याळममध्ये क्रियापद लिंगाप्रमाणे बदलत नाही, पण ‘तो’ आणि ‘ती’ यांना वेगळे शब्द आहेत. त्यामुळे मल्याळी सिस्टर ‘ती आला’ म्हणाल्या तर ‘ती’वर विश्वास ठेवायला जागा आहे. बंगालीत क्रियापदालाही लिंग नाही आणि सर्वनामालाही नाही. तिथे ‘तो आली’ ऐकू आले तर दोन्हींपैकी कशावरही विसंबता येत नाही. आलेली व्यक्ती पुरुष की स्त्री, हे बाहेरूनच कळले पाहिजे.

सगळ्यात जास्त घोळ ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा. समोरच्याला धरून आणि समोरच्याला वगळून, हा भेद मराठीत आहे, गुजरातीत आहे, तमिळ, तेलुगू, मल्याळममध्येही आहे. हिंदीत नाही, तिथे एक ‘हम’ दोन्हीकडे चालतो. शिवाय हिंदीतले ‘आप’ कानाला ‘आपण’च्या जवळचे. त्यामुळे हिंदी मातृभाषेचे खजिनदार सभेत ‘आपण ठरवलं की मेंटेनन्स वाढवायचा नाही’ असे म्हणाले, तर ठरवले कोणी? सभेने, कार्यकारिणीने, की समोर बसलेल्या अध्यक्षांनी? तिन्ही शक्य. हेच वाक्य तमिळ मातृभाषेच्या सभासदाने उच्चारले असेल, तर ‘आपण’ म्हणजे सगळे मिळून, असे मानायला बराच आधार असतो. शब्दशः असो की स्वच्छ, कोणत्याही प्रतीत या दोन सर्वनामांची अदलाबदल करू नये.

‘काल’लाही तोच नियम. हिंदीतला ‘कल’ मागचाही असतो आणि पुढचाही, त्यामुळे ‘प्लंबर काल येतो बोलला’ या वाक्यातला प्लंबर येऊन गेला की यायचा आहे, हे पुढच्या वाक्यांवरून ठरवावे लागते. त्यात ‘परवा’ तर मराठीतही दोन्ही बाजूंचा, तेव्हा तिथे आपणही फार मिजास करू नये. तारीख महत्त्वाची असेल तर रेकॉर्डिंगची तारीख प्रतीच्या डोक्यावर ठळक लिहावी आणि ‘काल’, ‘परवा’ हे शब्द न बदलता तसेच सोडावे.

वाक्याच्या शेवटचा ‘ना’ असाच फसवा. ‘चावी दिली ना’ हे ‘दिली की नाही, सांगा’ असू शकते, ‘दिली हो, कितीदा सांगू’ असू शकते आणि ‘नाही’चा शेवट गिळला गेला असेल तर चक्क नकारही असू शकतो. लिहिल्यावर आवाजाचा चढउतार नाहीसा होतो. म्हणून इथे विरामचिन्ह विचारपूर्वक द्यावे, आणि खात्री नसेल तर प्रश्नचिन्ह आपल्या मनाने न देता वेळेची खूण करावी. नकाराचे दुसरे ठिकाण म्हणजे ‘नको’, ‘नका’, ‘नये’ आणि ‘नाही’. ‘मी सही नको केली’ याचे ‘मी सही केली नाही’ होऊ शकते आणि ‘मला सही करायची नव्हती’ असेही होऊ शकते. पहिल्यात सही झालेलीच नाही. दुसऱ्यात मनाविरुद्ध झालेली असू शकते.

हिंदी आणि मराठीत दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे शब्दही सभेत हटकून येतात. ‘तीनशे दोन खाली आहे’ म्हणजे फ्लॅट रिकामा आहे. ‘माझी आपत्ती लिहून घ्या’ म्हणणाऱ्याचा आक्षेप असतो, त्याच्यावर संकट कोसळलेले नसते. ‘नियमात संशोधन करा’ म्हणजे दुरुस्ती करा. शब्दशः प्रतीत शब्द तोच ठेवून पहिल्यांदा येईल तिथे चौकोनी कंसात अर्थ द्यावा, पुढे देऊ नये. इतिवृत्तात सरळ ‘आक्षेप’ आणि ‘दुरुस्ती’ लिहावे. ते योग्यच आहे, कारण तिथे आपण त्या माणसाचे शब्द म्हणून ते छापत नसतो.

आकडे नेहमी अंकांत लिहावे, पण ऐकलेल्या शब्दाची खात्री करून. हिंदीतले उनचास, उनसठ, उनहत्तर, उन्यासी म्हणजे आपले एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी. घाईत ‘उनसठ’ आणि ‘सड़सठ’ यांची गल्लत होते आणि ५९ चे ६७ होऊन बसतात. हिशेबाची सभा असेल तर ताळेबंदाची प्रत आधी मागून घ्यावी आणि आकडे तिच्याशी ताडून पाहावेत. बोललेला आकडा आणि छापलेला आकडा वेगळा निघाला, तर बोललेला ठेवून शेजारी खूण करावी.

आता उच्चारांबद्दल. शब्दशः प्रत म्हणजे उच्चारही हुबेहूब लिहायचा, असा एक गैरसमज आहे. ‘शाला’, ‘मोटा’, ‘बाडं’ असे लिहून आपण प्रामाणिकपणा केला, असे काहींना वाटते. तसे नसते. शब्द कोणता ते नक्की कळले असेल तर तो प्रमाण लेखनानेच लिहायचा : शाळा, मोठा, भाडं. तमिळ मातृभाषेच्या माणसाला ख, ठ, भ यांसारखी महाप्राण व्यंजने जड जातात, उत्तर भारतीयाला ळ जड जातो, बंगाली माणसाचा व हा ब होतो. ही जिभेची घडण आहे, व्याकरण नव्हे. मराठी माणूस बोलताना ‘माझ्याजवळ’चे ‘माझ्याजोळ’ करतो तेव्हा आपण ‘जोळ’ लिहीत नाही, मग दुसऱ्याचाच उच्चार पकडून ठेवण्यात चेष्टेपलीकडे काही उरत नाही. उच्चार नोंदवायचा तो फक्त दोन शब्दांत घोटाळा होत असेल तिथे. ‘मूल’ की ‘मूळ’, ‘काल’ की ‘काळ’, ‘वेल’ की ‘वेळ’. वागळे इस्टेटमधल्या व्यवहारावरचे बोलणे असेल तर ‘गाला’ म्हणजे गाळा, की गाला आडनावाचे गृहस्थ, हे ठरवावे लागते. संदर्भाने सुटले नाही तर दोन्ही शब्द तिरप्या रेघेने वेगळे करून प्रश्नचिन्हासह चौकोनी कंसात द्यावे.

याच ठिकाणी नवख्या लेखनिकाकडून घडणारी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ळ चा ल ऐकू आला आणि ण चा न ऐकू आला की तो ‘अमराठी’ असे लिहून मोकळा होतो. आगरी, म्हणजे इथल्या जुन्या गावांच्या बोलीत हे दोन्ही उच्चार मूळचेच आहेत. सिडकोची स्थापना १९७० साली झाली आणि नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. त्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी आज रेकॉर्ड होत आहेत. ती मराठी इथल्या सगळ्या सेक्टरांपेक्षा जुनी आहे. तिच्यावर ‘चूक’ म्हणून शेरा मारणे किंवा तिला पुणेरी करून छापणे, दोन्ही अडाणीपणाचे आहे. कोल्हापूरकडच्या बाई ‘मी आलो’ म्हणतात तेही असेच. तेवढ्यावरून बोलणारा पुरुष ठरवून प्रतीत ‘पुरुष १’ असे लावून टाकू नये. बोलीतली रूपे ठेवायची. ‘केलं’, ‘गेलं’ ही बोलण्यातली रूपे तर १९६२ पासूनच्या लेखननियमांतही पात्राच्या तोंडच्या भाषेसाठी मान्य आहेत, त्यामुळे अवतरणात ती ‘केले’, ‘गेले’ करण्याचे काही कारण नाही.

प्रत्यक्ष ऐकण्याची पद्धत अशी असावी. आधी फाइल न थांबवता एकदा पूर्ण ऐकायची, टाइप काहीही करायचे नाही. कोण कसे बोलतो, त्याचा ‘ने’ कसा, त्याचा ‘आपण’ कोणता, हे या फेरीत कळते. दुसऱ्या फेरीत टाइप करायचे. तिसरी फेरी फक्त शब्दांच्या शेपटांसाठी. होतो, होता, होती, होते : सगळा फरक शेवटच्या स्वरात आणि मराठीत तो स्वर हलकाच उच्चारला जातो. आपला मेंदू आपल्या नकळत चुकीचे बरोबर करून ऐकतो, हा या कामातला मोठा धोका आहे. मराठी जितकी चांगली, तितका तो जास्त. म्हणून तिसऱ्या फेरीत वाक्याच्या अर्थाकडे लक्ष न देता फक्त क्रियापदे पडताळायची. वेग साधारण ७५ टक्क्यांवर ठेवावा. त्याहून फार खाली नेला तर स्वर ताणले जातात आणि उलट जास्त फसगत होते. इयरबडपेक्षा कान झाकणारे हेडफोन चांगले. पाऊण तासाने पाच-दहा मिनिटे कानाला विश्रांती द्यावी, नाहीतर शेवटच्या पानांवर सगळेजण शुद्ध मराठी बोलू लागतात!

वेळेचा हिशेबही काम देणाऱ्यांना ठाऊक असावा. एकच माणूस, स्वच्छ आवाज, मातृभाषा मराठी, अशा एका तासाच्या रेकॉर्डिंगला सरावलेल्या माणसाचे सुमारे चार तास जातात. तीन-चार माणसे, वर पंखा, बाहेर रस्ता आणि मराठी परकी असेल तर सात-आठ तास धरावे. दोन्हींना मिनिटामागे एकच दर लावला की तिसरी फेरी कापली जाते, आणि ती कापल्याचे वरून कोणालाही दिसत नाही.

शब्दशः प्रतीत प्रत्येक चुकीपुढे ‘[असेच]’, म्हणजे मूळ बोलण्यातच असे आहे ही खूण, किंवा उद्गारचिन्ह टाकण्याची खोड वाईट. पानावर वीस ठिकाणी ‘[असेच]’ आले की वाचणाऱ्याला माणसाचे म्हणणे दिसत नाही, फक्त त्याची फजिती दिसते. त्याऐवजी पहिल्या पानावर एकच टीप द्यावी : ‘वक्त्याची मातृभाषा मराठी नाही. व्याकरण मूळ बोलण्याप्रमाणे ठेवले आहे.’ ‘[असेच]’ राखून ठेवावे ते वाचणाऱ्याला टाइपिंगची चूक वाटेल आणि तिने अर्थ बदलेल अशा जागांसाठी. लेखनिकाने घातलेला प्रत्येक शब्द चौकोनी कंसात हवा, गोल कंसात नको. गोल कंस बोलण्यातल्या पोटवाक्यासाठी लागतो. न कळलेल्या जागी ‘[अस्पष्ट १२:४०]’ लिहावे, नुसती टिंबे देऊ नयेत, कारण टिंबे वाचताना माणूस थांबला की काय असे वाटते.

यंत्राने हे सगळे सोपे केले, असे आता सर्रास ऐकू येते. मराठीत आवाजावरून मजकूर काढून देणाऱ्या प्रणाली बऱ्यापैकी चालतात, पहिल्या कच्च्या प्रतीसाठी वापराव्यातही. पण त्यांचा कल सुबक वाक्याकडे असतो. अडखळणे गाळतात, तुटलेले वाक्य जोडतात, चुकलेले लिंग कधी गुपचूप बरोबर करून देतात. म्हणजे जपून ठेवायची तीच गोष्ट आधी जाते. शांततेच्या जागी न बोललेले वाक्यही घालून देतात. व्हिस्परसारख्या प्रणालीला भाषा सांगितली नाही तर ती पहिल्या ३० सेकंदांवरून भाषा ठरवते. मुलाखतीच्या सुरुवातीला ‘आइए, बैठिए, चाय लेंगे?’ एवढे हिंदी झाले तरी पुढचा तासभर मराठी ऐकून हिंदीच्या वळणाने उतरवली जाऊ शकते, आणि लिपी एकच असल्याने वरवर पाहणाऱ्याला ते लवकर लक्षातही येत नाही. त्यामुळे भाषा ‘मराठी’ असे आधी निवडावे, आणि ‘व्याकरण सुधारून दे’ अशी आज्ञा कच्च्या प्रतीवर कधीही देऊ नये. चौकशीच्या किंवा रुग्णांच्या फायली फुकटच्या वेबसाइटवर चढवू नयेत, हे तर उघड आहे.

आता वर्तमानपत्रांकडे. मराठी नेता सभेत वाक्य अर्धवट सोडतो, कर्ता-क्रियापदाची फारकत करतो, आणि दुसऱ्या दिवशी छापून येते ते घोटीव वाक्य. त्याच पानावर परप्रांतीय रिक्षाचालकाचे ‘मेरे को मालूम नाय, मी इथे नवीन आला’ मात्र अक्षरशः छापलेले असते. दोघांना एकच माप लावा, एवढीच विनंती. बातमीत अवतरणचिन्हांत व्याकरण सावरायचे असेल तर सगळ्यांचे सावरा, नसेल तर कोणाचेच नको. चूक हाच बातमीचा विषय असेल, उदाहरणार्थ वाद त्या एका शब्दावरून पेटला असेल, तर शब्द जसाच्या तसा द्यायलाच हवा. एरवी नेमके शब्द हाताशी नसतील किंवा ते देऊन माणूस हास्यास्पद होत असेल, तर अवतरणचिन्हे काढून ‘आपण इथे नवीन असल्याने माहिती नाही, असे त्याने सांगितले’ असा वृत्तांत द्यावा. माणूस हिंदीत बोलला असेल तर ‘हिंदीतून सांगितले’ हे दोन शब्द लिहावेत. भाषेवरून वातावरण तापलेले असताना त्याच्या तोंडी अस्खलित मराठी घालणे किंवा मोडकी मराठी घालणे, दोन्ही खोटेच. आणि मराठी शिकू पाहणाऱ्याला आपले वाक्य पेपरात खिल्लीसारखे छापलेले दिसले, तर तो पुढच्या वेळी वार्ताहराशी मराठीत बोलण्याच्या फंदात पडणार नाही.

प्रत बोलणाऱ्याला वाचून दाखवण्याची पद्धत संशोधनात आहे, सोसायट्यांनी आणि संस्थांनीही ती घ्यावी. वाचून दाखवताना मात्र त्याला नीट कळते त्या भाषेत समजावून सांगावे. ‘बरोबर आहे ना?’ ला मान डोलावणे म्हणजे संमती नव्हे. त्याने व्याकरण सुधारायला सांगितले तर सुधारित प्रत वेगळी करावी आणि शब्दशः प्रत तशीच ठेवावी. त्याने अर्थ बदलायला सांगितला तर तोही मूळ ओळीत न घालता तारखेसह खाली जोडावा.

रेकॉर्ड करणाऱ्यांनी थोडी काळजी घेतली तर यातले अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत. शेवटचे हलके स्वर पंख्याच्या आवाजात सगळ्यात आधी बुडतात. शक्य असेल तर पंखा बंद करावा, मोबाइल टेबलावर घडी केलेल्या रुमालावर ठेवावा, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर. सुरुवातीलाच प्रत्येकाने आपले नाव आणि तारीख स्वतःच्या आवाजात सांगावी. वाद न्यायालयात जाण्याची शक्यता असेल तर मूळ फाइलला हातही लावू नये, काम कॉपीवर करावे. २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमातील कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत द्यायच्या प्रमाणपत्रात फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलच्या आतल्या मजकुरावरून निघणारी आकडे-अक्षरांची ओळखखूण, भरावी लागते. फाइलचे नाव बदलल्याने ती बदलत नाही, पण सुरुवातीचा दोन सेकंदांचा खोकला कापला तरी बदलते. व्हॉट्सॅपवरून पाठवायचीच असेल तर ऑडिओ म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. आणि सचिवांनी, निदान पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होईपर्यंत तरी, जागा अडते म्हणून ती मोबाइलमधून पुसू नये.

आपले,
ध्वनिमुद्रणावरून लेखनाचे काम करणारे काही लेखनिक,
ठाणे व नवी मुंबई